मास्तरांचं मैत्री पथक

डॉक्टरांनी कोंडीराम ओव्हाळांना दर तासाला दहा वेळा उजवा हात सरळ वर करायला सांगितलं होतं. तीस वर्षं बसच्या दांडीला धरून तिकिटं दिली, त्यात खांदा पार आखडून गेलेला. रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी हात वर जाताना कुरकुरायचाच. तर त्या रविवारी पुण्यात एका सभागृहात भन्तेजींचं शिबिर चाललं होतं. जेवण अंगावर आलेलं, शेजारचा उपासक पेंगत होता. कोंडीरामांनी घड्याळ बघितलं. तास झाला होता. त्यांनी हात वर केला.

"साधू, साधू!" भन्तेजींचा चेहरा फुलला. "नांदे, लवळे आणि जांबे. ह्या पट्ट्याची जबाबदारी ओव्हाळ उपासकांनी घेतली आहे."

टाळ्या पडल्या. आता हात खाली घेऊन 'मी व्यायाम करत होतो' असं सांगायला जी हिंमत लागते ती कोंडीरामांपाशी नव्हती. त्यांनी दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि शेजाऱ्याला कोपरानं ढोसून विचारलं, "कसली जबाबदारी?"

जबाबदारी अशी होती. गावोगावी प्रत्येक प्रार्थनास्थळानं पाच माणसं द्यायची. विहाराची पाच, देवळाची पाच, नमाजाला जमणाऱ्यांची पाच. सणावाराला, मिरवणुकीला ह्या सगळ्यांनी एकत्र उभं राहायचं. अफवा उठली तर आधी खरं काय ते बघायचं, आणि भांडण पेटायच्या आत मध्ये जायचं. नाव ठेवलं होतं मैत्री पथक. नाव सोपं होतं. बाकीचं सगळं अवघड.

घरी येऊन त्यांनी सुनेला सांगितलं तेव्हा ती हसून हसून खाली बसली. गौतमी लवळ्याला एका कॉलेजच्या हॉस्टेलच्या ऑफिसात कामाला होती. दिवसभर दोनशे पोरींच्या तक्रारी ऐकून घरी यायची, तरी हसायची तिची शक्ती शिल्लक असायची.

"मामा, जाऊन सांगा ना त्यांना, चुकून झालं म्हणून."

"आता कसं सांगायचं? टाळ्या वाजल्यात."

मग मास्तर कामाला लागले. कंडक्टरला मास्तर म्हणायची आपल्याकडं रीतच आहे, आणि नांद्यात तर त्यांचं खरं नाव निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. त्यांनी समाजमंदिरात पन्नास खुर्च्या मांडून घेतल्या, फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'शांतता व सलोखा या विषयावर मार्गदर्शन', आणि नवा शर्ट घालून दारात उभे राहिले. चार माणसं आली. त्यातला एक मांडववाला होता, तो खुर्च्या परत न्यायला थांबलेला.

"मार्गदर्शनाला कोण येतंय?" गौतमी रात्री भाकरी थापता थापता म्हणाली. "आमच्याकडं मार्गदर्शन म्हटलं की पोरींना ताप येतो. माणसाला काम सांगा, मामा. कुठं उभं राहायचं, किती वाजता, कोणाबरोबर. तुम्हाला डेपोत काय सांगायचे?"

"ड्युटी सांगायचे."

"मग ड्युटी लावा."

हे मास्तरांना एका झटक्यात पटलं. ड्युटी ही गोष्ट त्यांना हाडामासात समजत होती. शांतता म्हणजे काय हे त्यांना कोणी विचारलं असतं तर ते अडखळले असते, पण सकाळी सव्वासहाच्या गाडीला माणूस कसा उभा करायचा, हे त्यांच्याएवढं कोणाला माहीत होतं? त्यांनी मोठा कागद घेतला, पट्टीनं रेघा मारल्या, आणि वेळ, जागा, नाव असे रकाने पाडले. फक्त नावं तेवढी रिकामी होती.

पहिली नावं जांब्याहून आली, हेच नवल. तिथं भाड्याच्या खोल्यांमधली बिहारकडची माणसं शुक्रवारी एका पत्र्याच्या शेडमध्ये नमाज पढायची. पुढं उभे राहायचे नसीमभाई, फरशी बसवणारे कारागीर. मास्तरांनी तक्ता त्यांच्यापुढं पसरला आणि आपल्या बसमधल्या हिंदीत सांगितलं, "खडा रहने का. भाषण नहीं, कुछ नहीं. झगडा होने लगा तो बीच में."

नसीमभाईंनी तक्ता फरशीची लेव्हल बघावी तसा एक डोळा मिटून बघितला. "बस, खड़े रहना है? चाचा, दिनभर घुटनों पर बैठकर काम करता हूँ। खड़े रहने का तो मज़ा आएगा।" आणि तिघांची नावं लिहून दिली. पाच नव्हे, तीनच. दोघांच्या रात्रपाळ्या होत्या.

विहाराची पाच नावं बहुतेक घरातूनच निघाली. स्वतः मास्तर, गौतमी, पुतण्या अमोल आणि विहारात झाडलोट करणाऱ्या दोघी बहिणी. अमोल आयटीवाल्यांची गाडी चालवायचा, सत्तावीस वर्षांचा, डोक्यानं तापट, पण अडल्या वेळी रात्री-बेरात्री उठून येणारा.

राहिलं देऊळ. आणि देवळाचे कारभारी होते कुशाबा रानवडे.

इथं मास्तरांची गाडी अडली. कुशाबा आणि मास्तर चौदा वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. समोरासमोर आले तर दोघांनाही अचानक आभाळात काहीतरी बघायचं असायचं.

त्याला कारण होतं. चौदा वर्षांमागं, एप्रिलातल्या भर दुपारी, पौडच्या गाडीत कुशाबा बायको-पोरीसकट चढले होते. पाहुण्यांकडं यात्रा होती, म्हणून पिशवीत कोंबडा. गाडीत जिवंत जनावर चालत नाही, असा नियम. मास्तरांनी तो सांगितला. कुशाबा म्हणाले, पाय बांधल्यात त्याचे. तेवढ्यात कोंबडा सुटला आणि एका कॉलेजच्या पोरीच्या डोक्यावर जाऊन बसला. गाडीत एकच हलकल्लोळ. मास्तरांनी घंटी मारून गाडी थांबवली आणि म्हणाले, "उतरा खाली." उतरता उतरता कुशाबा बोलले, "खाकी घातली म्हणून जात बदलती व्हय रं?" पुटपुटल्यासारखे बोलले, पण पुढच्या चार सिटांना ऐकू जाईल एवढ्यानं.

मास्तरांच्या डोक्यात जाळ झाला. कुशाबांची बायको साळूबाई कडेवर पोर घेऊन नुकती खाली उतरत होती. ती वळून म्हणाली, "मास्तर, बाटली राहिली आतमधी, पोरीच्या पाण्याची." मास्तरांनी ऐकलं. ऐकून डबल घंटी मारली. गाडी सुटली, बाटली सिटाखाली गडगडत पौडपर्यंत गेली, आणि त्या तिघांनी पिरंगुटपर्यंतचा रस्ता उन्हातून तुडवला. कुशाबांचं बोलणं मास्तर विसरले नव्हतेच. पण रात्री कधी झोप मोडली, तर त्यांना आठवायची ती बाटली.

"तुम्ही जाऊ नका, मी जाते," गौतमी म्हणाली होती.

"नको. ड्युटी माझीच हाय."

कुशाबांच्या अंगणात मोठी बारा खोल्यांची चाळ उभी राहिली होती, आयटीत कामाला येणाऱ्या पोरांसाठी. दारात मोटारसायकलींची रांग. साळूबाई ओट्यावर लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसली होती, कुशाबा बाजेवर.

"काय काम काढलं?" कुशाबांनी आभाळाकडं बघत विचारलं.

"पथकाचं..."

"ऐकलंय. गावात शांतता आणायला निघालाय म्हनं. हितं काय लढाई चाललीया व्हय? सगळं गुण्यागोविंदानं हाय."

"गुण्यागोविंदानं हाय, तर आपण चौदा वर्सं बोललो का न्हाई?"

"तू मला गाडीतून उतरवलंस म्हणून."

"त्यो नियम व्हता. त्याची माफी मी मागणार न्हाई." मास्तर साळूबाईकडं वळले. हे वाक्य त्यांनी येताना वाटेत तीनदा म्हणून बघितलं होतं. "माफी तुमची मागायचीय, वहिनी. तुमी बाटली मागितली, ती मला ऐकू आलती. ऐकू येऊन मी घंटी मारली. राग ह्यांचा व्हता, काढला तुमच्या लेकरावर."

साळूबाईचा अडकित्ता हातातच थांबला.

"ऐकू आलतं?" ती म्हणाली. "आणि मी येडी चौदा वर्सं ह्यास्नी सांगतेय, मास्तरांना ऐकू गेलं नसंल, गाडीचा आवाज व्हता. तसा माणूस न्हाई त्यो, म्हनून भांडतेय ह्यांच्याशी."

मास्तरांना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. साळूबाईनं एक कैरी उचलली, फटकन फोडली. दुसरी फोडली. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलं. बसा." आणि नवऱ्याकडं वळली. "आता तुमी."

"मी काय?"

"तुमी काय बोलला व्हता ते मीबी ऐकलंय. पुढच्या चार सिटांनीबी ऐकलंय."

कुशाबा उठले, आत गेले, पाणी प्यायले, बाहेर आले. बोलले ते दुसरंच. "यात्रा औंदा पौर्णिमेला हाय. रस्त्याच्या कामापायी आठ दिस पुढं ढकलली. तुमची बुद्धजयंतीची मिरवणूकबी त्याच दिशी. पाच माणसं देतो देवळाची."

"त्यातली एक मी," साळूबाई म्हणाली. "आणि दोघी भजनातल्या."

माफी आली नव्हती, हे मास्तरांच्या ध्यानात होतं. पण पाच नावं आली होती. त्यांनी तक्ता काढला आणि नावं लिहून घेतली.

पुढचे पंधरा दिवस मजेत गेले. तेरा माणसांचं पथक दर रविवारी सकाळी चौकात जमायचं आणि मास्तर त्यांना जागा वाटायचे. विजेचा खांब नंबर एक, नसीमभाई. किराणा दुकान, साळूवहिनी आणि अमोल. जोड्या मुद्दाम वेगळ्या धर्मांच्या. अमोल पहिल्या रविवारी साळूबाईशेजारी तोंड फिरवून उभा होता. तिसऱ्या रविवारी ती त्याला, अजून लग्न का केलं नाहीस, म्हणून झापत होती, तेव्हा मास्तरांनी ओळखलं की ही जोडी जमली. वेळाही ठरल्या. बुद्धपौर्णिमेची मिरवणूक पाच वाजता चौकातून पुढं जाईल, भैरवनाथाची पालखी सात वाजता येईल. मध्ये दोन तासांची मोकळीक. कागदावर तरी भांडणाला जागाच उरली नव्हती.

पण कागदाला जनरेटर नसतो. पौर्णिमेच्या दिवशी मिरवणुकीचा जनरेटर बंद पडला, त्यात तास-दीड तास गेला. तिकडं पालखीला कोणी पाहुणे येणार होते, त्यांना लवकर जायचं म्हणून पालखी लवकर निघाली. साडेसहाला, उन्हं अजून माळावर होती, तेव्हा दोन्ही मिरवणुका चौकाच्या अलीकडं एकमेकींच्या नाकासमोर येऊन ठेपल्या. रस्त्याची एक बाजू खणलेली, दुसरी नव्या काँक्रीटनं फूटभर उंच झालेली. मध्ये एकच गाडी जाईल एवढी वाट. एका तोंडाला बुद्धमूर्तीचा सजवलेला पिकअप, दुसऱ्या तोंडाला डीजेचा टेम्पो, त्याच्यामागं पालखी आणि तीनशे माणूस.

तेवढं असतं तर निभावलं असतं. पण पिकअपवरचा उंच झेंडा वरच्या तारेत अडकला आणि काठी मोडून झेंडा खाली पडला. टेम्पोकडून कोणीतरी शिट्टी मारली.

"झेंडा पाडला! झेंडा पाडला!"

कोण ओरडलं ते कळलं नाही. शंभर मोबाईल वर झाले. अमोलनं पिकअपवरून उडी टाकली. मास्तर गर्दीच्या मागं होते, त्यांना पुढं सरकता येईना. आयुष्यभर लोकांना पुढं सरकवलं, आणि आज स्वतःच अडकले. त्यांना दिसत होतं, दोन्हीकडची पोरं एकमेकांच्या छातीला छाती लावायच्या बेतात होती.

आणि मग आवाज आला, "तार है, तार! किसी ने नहीं गिराया!"

नसीमभाई आपल्या जागेवर, खांबाशी होते. त्यांनी सगळं बघितलं होतं. ते पिकअपच्या टपावर चढले होते आणि इंटरनेटची लोंबकळणारी काळी तार दोन्ही हातांनी धरून दाखवत होते. तारेला झेंड्याचा फाटका कोपरा अजून चिकटलेला. "ये देखो! तार!" नसीमभाई ना ह्यांच्यातले, ना त्यांच्यातले. खोटं बोलून त्यांना काय मिळणार होतं? दोन्हीकडची पोरं मान वर करून तारेकडं बघायला लागली. गौतमीनं तेवढाच व्हिडिओ काढला आणि गावाच्या तिन्ही व्हॉट्सॲप ग्रुपांवर टाकून दिला, दुसरा कोणी काही टाकायच्या आत. साळूबाईनं आपल्या दोघी भजनवाल्यांचे हात धरले, विहारातल्या दोघी बहिणींना ओढलं, आणि पाच बाया दोन गाड्यांच्या मध्ये साखळी करून उभ्या राहिल्या. साळूबाईनं झेंडा उचलून, झटकून, अमोलच्या हातात दिला. "धर. आणि डोकं थंड ठेव."

एवढ्यात मास्तर पुढं पोचले. आता प्रश्न उरला एकच, मागं कोण जाणार?

"आमी न्हाई," टेम्पोवरून उत्तर आलं.

"आमीबी न्हाई," पिकअपवरून.

मास्तरांनी दोन्हीकडं बघितलं. त्यांच्या डोक्यात घाटातला रस्ता आला, समोरासमोर दोन गाड्या. टेम्पोच्या मागं तीनशे माणूस, पालखी, म्हातारीकोतारी. पिकअपच्या मागं ग्रामपंचायतीचं मोकळं पटांगण. "आपली गाडी मागं घ्या," त्यांनी आपल्याच ड्रायव्हरला सांगितलं.

अमोलचा चेहरा पडला. "काका, आजचा दिवस आपला. दर वेळी आपणच का मागं?"

हा प्रश्न चुकीचा नव्हता, हे मास्तरांना मनातून माहीत होतं. त्यांच्या बापानंही हाच विचारला असता. "दर वेळी न्हाई. घाटात ज्याच्या मागं जागा, त्यानं मागं जायचं. त्यात ल्हान-मोठं नसतं."

"रस्ता घाटाचा न्हाई, काका. गावाचा हाय."

मास्तरांनी पिकअपच्या पत्र्यावर हात आपटला. "येऊ द्या... येऊ द्या..."

"थांबा मास्तर!"

कुशाबा फेटा सावरत गर्दीतून येत होते. "पोरगं बरोबर बोलतंय. त्यांची गाडी मागं जाणार न्हाई. आपला टेम्पो हितं माझ्या अंगणात घ्या."

"कुशाबा, पण यात्रेचा मान?" टेम्पोवरचा एकजण ओरडला.

"मान देवाचा असतो. टेम्पोला कसला मान रं? भाड्यानं आणलाय त्यो." आणि त्यांनी स्वतः जाऊन चाळीचं फाटक उघडलं.

फाटक उघडलं खरं, पण आत भाडेकरूंच्या अकरा मोटारसायकली ओळीनं लावलेल्या. मालक कंपनीच्या गाडीनं कामावर, किल्ल्या त्यांच्या खिशात. मग काय, उचला! पथकानं उचलल्या, पथक पुरेना म्हणून मिरवणुकीतली पोरं आली, मागोमाग यात्रेतली. जी दोन पोरं मघाशी एकमेकांची कॉलर धरणार होती, ती आता एकाच मोटारसायकलची दोन टोकं धरून "तुझ्याकडनं घे, तुझ्याकडनं" म्हणत होती. शेवटी उरली एक बुलेट. ती मास्तर आणि कुशाबांच्या वाट्याला आली. दोघं साठीचे, दोघं धापा टाकणारे.

वाकल्या वाकल्या, मास्तरांकडं न बघता, कुशाबा म्हणाले, "त्या दिशी गाडीत मी बोललो, ते चुकलंच माझं."

मास्तरांनी बुलेटचं हँडल धरलं. "व्हय," ते म्हणाले. "चुकलंच."

आणि दोघांनी मिळून बुलेट उचलली.

टेम्पो आत गेला, डीजे बंद झाला. पालखी भोयांनी उंच काँक्रीटवर चढवून बाजूला घेतली आणि पिकअप हळूहळू पुढं निघाला. बुद्धवंदनेचे स्वर पालखीच्या शेजारून गेले. पालखीबरोबरच्या काही म्हाताऱ्यांनी हात जोडले, काहींनी नाही. पण कोणी शिट्टी मारली नाही.

सगळंच गोड झालं असं मात्र नाही. अमोल पुढं तीन आठवडे काकांशी धड बोलला नाही. आपल्या माणसानं आधी आपल्यालाच मागं जायला सांगितलं, हे त्याच्या जिव्हारी लागलं होतं. मास्तर एका संध्याकाळी त्याच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसले. "तू बरोबर व्हतास," ते म्हणाले. "मला दोन्ही बाजूच्या जागा बघायला पायजे व्हत्या. मी फक्त आपलीच बघितली. सवय असती ना माणसाला." अमोलनं गाडीची किल्ली फिरवली. मग म्हणाला, "पुढच्या ड्युटीला माझी जोडी बदलू नका. साळूकाकू पोरगी बघतायत माझ्यासाठी."

जांब्यातला एकजण गावी निघून गेला, त्याच्या जागी नसीमभाईंनी दोन आणले. लवळ्यातून अजून कोणी नव्हतं, तर गौतमीनं हॉस्टेलच्या दोन पोरी पकडून आणल्या. यंदा गणपती आणि ईद एकाच आठवड्यात येत होते, त्याची बैठक नसीमभाईंच्या खोलीत भरली. जागा एवढी कमी की कुशाबा सिलिंडरवर बसले.

विषय निघाला, गर्दीत पथकाचा माणूस ओळखू यावा म्हणून जाकिटं शिवायची. रंग कोणता? भगवा म्हटलं की कोणी खोकलं, निळा म्हटलं की दुसरं, हिरवा म्हणायच्या आधीच नसीमभाई स्वतःच हात जोडून नको म्हणाले. पांढरा लवकर मळतो. पिवळा शाळेच्या बसवाल्यांचा. अर्धा तास ह्यात गेला, जाकिटांवरून पथकातच तंटा होतो की काय, अशी वेळ आली.

"चॉकलेटी," साळूबाई म्हणाली. "माती दिसत न्हाई, आणि आजवर त्याच्यावरनं कोन भांडलेलं मी ऐकलं न्हाई."

सगळ्यांनी मान डोलावली. गौतमीनं माप घ्यायला टेप काढली.

"मला नगं," कुशाबा म्हणाले. "मला अख्खं गाव वळखतंय. मला कशाला जाकीट?"

कोणी आग्रह केला नाही. टेप एकेकाच्या छातीभोवती फिरत गेली, गौतमी आकडे लिहीत गेली. सगळ्यांचं झाल्यावर ती वही मिटायला लागली, तेव्हा कुशाबा सिलिंडरवरून उठले, हात दोन्ही बाजूंना पसरून उभे राहिले, आणि भिंतीकडं बघत म्हणाले,

"जरा सैल घे. आत स्वेटर घालतो मी."